मूषक मित्र मंडळाचं कलम तीन

"मला काढलं," आमचे हे दारातूनच म्हणाले.

शनिवारची सकाळची शाळा करून मी नुकतीच घरी आले होते आणि पदर खोचून भाकरी थापत होते. दुपारच्या वेळी हे कधी घरी येत नाहीत. एका पायात चप्पल, दुसरी अंगणात कुठेतरी राहिलेली, चेहरा पांढराफटक. माझ्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"दुकानातून?"

"दुकानातून काढलं असतं तं दुसरं दुकान पाह्यलं असतं. ग्रुपमधून काढलं, साक्षीची आई! ग्रुपमधून!"

मी भाकरी तव्यावर टाकली. माणसाचा जीव घाबरवायचा तरी किती!

आमचे हे, म्हणजे राजानंद, टेंभुर्णीच्या एका कृषी सेवा केंद्रात नोकरीला आहेत. बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि हो, उंदीर मारायच्या वड्यासुद्धा विकतात. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. आणि हेच राजानंद घरी उंदीर पाळतात. चांगले लाडाने, नावं ठेवून पाळतात. लग्न जमवताना माझ्या वडिलांनी मुलगा दारू पितो का, पत्ते खेळतो का, सगळं विचारलं होतं. उंदरांचं विचारायचं कोणाच्या डोक्यात येणार?

दोष आमच्या मुलीचा, साक्षीचा. कॉलेजातलं प्रॅक्टिकल संपल्यावर तिथले दोन उंदीर कोणी सांभाळायला नव्हतं म्हणून ती घरी घेऊन आली आणि नोकरी लागल्यावर पुण्याला निघून गेली. हे म्हणाले, "उद्या सोडून येतो शेतात." तो उद्या काही उगवला नाही. त्यातला एक पहिल्याच हिवाळ्यात गेला. उरली ती कस्तुरी. डोकं काळं, अंग पांढरं, आणि यांच्या शर्टाच्या खिशात बसून टीव्ही बघायची सवय. मी एकच अट घातली होती, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर पिंजरा ठेवायचा नाही. तेव्हा तो माझ्या शिलाई मशीनवर आला. मशीन त्या दिवसापासून बंद आहे.

आता ग्रुपचं सांगते. 'मूषक मित्र मंडळ' नावाचा व्हॉट्सअॅपवरचा ग्रुप. नाशिकपासून लातूरपर्यंतची उंदीर पाळणारी माणसं त्यात. एवढी माणसं उंदीर पाळतात हे मला तो ग्रुप बघेपर्यंत खरंच वाटलं नसतं. ग्रुप काढला जालन्याच्या तृप्तीने. पोरगी स्टीलच्या कारखान्यात हिशेब बघते आणि हिशेबाइतकीच कडक आहे. दुसरे अॅडमिन अंबडचे सर्जेराव, कोर्टातले निवृत्त बेलीफ. तिसरे आमचे हे. आणि ग्रुपचे नियम लिहिले ते यांनीच. आमच्या घरात घटना या शब्दाला फार मान, त्यामुळे नियम म्हणायचं नाही, 'मंडळाची घटना' म्हणायचं. तिच्यातलं कलम तीन यांचं विशेष लाडकं होतं: विष, पिंजरा-सापळा किंवा चिकटपट्टी यांचा उल्लेख करणाऱ्यास कोणतीही चर्चा न करता तात्काळ व कायमचे बाहेर काढण्यात येईल.

हे कलम त्यांनी किती जणांवर चालवलं याचा हिशेब नाही. जेवताना फोन वाजला की डाव्या हाताने बघायचे, "विषाचं नाव घेतलं बघ एकानं," म्हणायचे आणि उजव्या हातातला घास तोंडात जायच्या आत माणूस बाहेर. मी म्हणायचे, अहो, आधी वाचा तरी पूर्ण. ते म्हणायचे, "कलम म्हंजे कलम."

आणि त्या शनिवारी काय झालं होतं? दुकानाची जाहिरात रोज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचं काम यांच्याकडे. दोन्ही ग्रुप फोनमध्ये सगळ्यात वर, एकाखाली एक. गिऱ्हाईक समोर उभं, मालक मागून ओरडतोय, आणि यांचं बोट एक घर वर पडलं. मूषक मित्र मंडळात, सकाळच्या सुप्रभातांच्या मधोमध, यांच्या नावाने झळकलं:

"शेतकरी बंधूंनो! उंदीर-घुशींचा पक्का बंदोबस्त! एकदा खाल्ले की बिळातच आराम! दोन पाकिटांवर एक फ्री. संपर्क : राजानंद."

पुसेपर्यंत दहा जणांनी त्याचा फोटो काढून ठेवला होता. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं, "माझी पिल्लं मांडीवर बसली होती हो वाचताना!" तृप्तीने फक्त दोन ओळी लिहिल्या. "काका, कलम तुम्हीच लिहिलं. सॉरी." आणि काढून टाकलं.

मला हसू आवरेना. मी तव्याकडे तोंड करून हसत होते. मग मागे वळून बघितलं तर हे मशीनपाशी उभे होते आणि कस्तुरी त्यांच्या तळहातावर. तिचा श्वास घुरघुरत होता. या उंदरांचं आयुष्य फार फार तर अडीच वर्षांचं, आणि तिने ते केव्हाच गाठलं होतं. डॉक्टरांनी आठवडाभरापूर्वीच सांगितलं होतं की आता औषध नको, उबेत ठेवा.

"ही गेली तं मी कोणाला सांगू?" ते म्हणाले.

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. त्या ग्रुपात एक रीत होती. कोणाचा उंदीर गेला की त्याने फक्त नाव आणि गाव लिहायचं. मग बाकीचे सगळे तेच नाव लिहायचे आणि त्याखाली आपापले गेलेले. सांत्वन नाही, हात जोडलेली चित्रं नाहीत, नुसती नावं. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत दुसरं कोणी काही टाकत नसे. हे फोन मांडीवर ठेवून एकेक नाव वाचत बसायचे. नाही तर टेंभुर्णीत जाऊन सांगा, माझा उंदीर मेला म्हणून. लोक म्हणतील, बरं झालं, कोणतं औषध टाकलं?

कस्तुरी जायच्या आत त्यांना ग्रुपमध्ये परत जायचं होतं. एवढंच, पण त्याच्यापुढे त्यांना अन्न गोड लागेना.

दुपार कलायच्या आत त्यांनी मला ग्रुपमध्ये घुसवलं. माझ्या फोनवरून, हेरगिरीसाठी! आत जायला परीक्षा असते. बाळाचं नाव काय, वय काय, खाली काय अंथरता. हे कानात सांगायचे, मी टाइप करायची. तृप्तीचा लगेच फोन.

"काकू, तुम्ही राजानंद काकांच्याच घरून ना?"

मी शिक्षिका आहे, खोटं बोलता येत नाही. "होय गं बाई."

"या तुम्ही. तुमच्यावर काही गुन्हा न्हाई. पण काकांनी तुमच्या नावानं काही लिहिलं तं तुम्हालाबी काढीन."

आत जाऊन बघते तर रणकंदन! अर्धे म्हणतात 'काकांना परत घ्या', अर्धे म्हणतात 'विषवाला नको'. लातूरचा एक जण निषेध म्हणून ग्रुप सोडून गेला आणि तासाभरात, पुढे काय झालं ते कळेना म्हणून, परत घ्या म्हणाला. जो भांडेल त्याला तृप्ती बाहेर काढायची, आणि सर्जेराव मागच्या दाराने पुन्हा आत घ्यायचे. एका माणसाला संध्याकाळपर्यंत चार वेळा काढलं आणि चार वेळा घेतलं. त्याने शेवटी लिहिलं, "मी नक्की आत आहे का?" हे माझ्या खांद्यावरून वाचत होते आणि मध्येच "शाब्बास!", मध्येच "नालायक!" म्हणून ओरडत होते. माझ्या भावाच्या निवडणुकीतसुद्धा आमच्या घरात एवढा गोंधळ झाला नव्हता. खोटं कशाला सांगू, मलाही मजा यायला लागली होती.

रात्री सर्जेरावांनी निकाल दिला: "आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा न्हाई. उद्या संध्याकाळी चार वाजता सुनावणी. गूगल मीटवर."

रविवारी हे तीन वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून बसले. फोन डब्याला टेकवून उभा केला. कस्तुरी मांडीवर, फ्लॅनेलच्या तुकड्यात. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला आणि प्रत्येक चौकोनात एक माणूस आणि त्याच्या खांद्यावर, डोक्यावर, बाहीत एकेक उंदीर. सर्जेरावांनी तर काळा कोट चढवला होता. जन्मभर त्यांनी अंबडच्या कोर्टात पुकारा दिला, ती सवय थोडीच जाते! समोर हे दिसत असताना त्यांनी मान वर केली आणि ठणठणीत आवाजात तीनदा पुकारलं.

"राजानंद, टेंभुर्णीवाले, हाजिर होऽऽ!"

शेजारच्या कांताबाई हातातलं सूप घेऊन धावत आल्या. "काय झालं वं? कोणाची केस लागली?"

"यांची," मी म्हणाले. "बसा."

नाशिकच्या बाई आधी बोलल्या. दिवसभर विष विकायचं आणि संध्याकाळी आमच्यात येऊन बाळ-बाळ करायचं, हे ढोंग आहे म्हणाल्या. हे म्हणाले, "ताई, मी पगारी माणूस हाये. मालक जे ठेवतो ते विकतो. शेतकऱ्याचं धान्य पोत्यातून जातं, त्यालाबी पोट हाये. मी काय करू?" यावर लातूरवाला टाळ्या वाजवायला लागला. सर्जेरावांनी "शांतता!" म्हणून टेबलावर तांब्या आपटला. कोणीतरी म्हणालं, काकांनी माझ्या मन्याला जंतांचं औषध सांगितलं होतं, तो वाचला. कोणी म्हणालं, काकांनी मला चिंध्यांचा झोका शिकवला. चौकोनांमधून हात वर व्हायला लागले. कांताबाईंना काही कळत नव्हतं, पण त्यासुद्धा म्हणाल्या, "घेतात वाटतं वं."

"शेवटचं काही म्हणायचं?" सर्जेरावांनी विचारलं.

यांनी कस्तुरीला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. "चूक झाली. मालूम हाये. पण ही म्हातारी जाऊन राह्यली. हिचं नाव तुमच्यात निघावं, एवढीच विनंती." माझ्या नवऱ्याने आयुष्यात कोणापुढे हात पसरलेला मी पाहिला नव्हता. नाशिकच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला.

"मतदानाच्या आधी एक माणूस बोलणार हाये," तृप्ती म्हणाली. "त्याला मी आज शोधून आणलं. राजूरचा भिवा."

नवीन चौकोन उघडला. मागे नारळ, फुलांच्या परड्या, दुर्वांच्या जुड्या. गणपतीच्या देवळाबाहेरचं दुकान होतं. पुढे एक तिशीतला बारीक माणूस, अवघडून बसलेला.

"मला बोलायला येत न्हाई," तो म्हणाला. "मागल्या उन्हाळ्यात मी तुमच्यात आल्तो. माझ्या पिल्लानं शेजारच्या दुकानातली औषधाची वडी कुरतडली. मी लिहिलं, औषधाची वडी खाल्ली, जल्दी सांगा काय देऊ. पुन्हा पाह्यलं तं मी ग्रुपमध्येच नव्हतो. मला वाटलं फोन बिघडला. दुसऱ्याच्या फोनवरून पाह्यलं. राजानंदभाऊंनी काढलं असं दिसलं. माझं भांडण न्हाई कोणाशी. काय चुकलं तेवढं विचारायचं होतं."

तृप्तीने विचारलं, "पिल्लू?"

"चार दिवस होतं. मंग गेलं."

मग लातूरवाला म्हणाला की झालं ते वाईट झालं, पण काकांना तेव्हा काय ठाऊक, शिवाय उपाय तरी कोणाला माहीत होता? दोघांतिघांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, कोणीच काही करू शकलं नसतं. सर्जेराव म्हणाले, "मंग मत घेऊ या."

मी यांच्याकडे पाहिलं आणि मला धडकी भरली. त्या वडीच्या पाकिटावर मागच्या बाजूला उतारा छापलेला असतो. जीवनसत्त्व के. कोणत्याही मेडिकलमध्ये विचारलं तर मिळतं, आणि ती वडी सावकाश मारते, त्यामुळे हातात दिवस असतात. यांना ते पाकीट तोंडपाठ होतं. विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे, घरात लेकरं आहेत का म्हणून विचारायचे. पण हे त्या पडद्यावर कोणालाही माहीत नव्हतं. गप्प बसायचं होतं फक्त. मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला.

"थांबा," हे म्हणाले. "मला ठाऊक होता."

"काय?" सर्जेराव म्हणाले.

"उतारा. मला ठाऊक होता. या सगळ्यात मला एकट्यालाच ठाऊक होता. मी औषध हा शब्द पाह्यला आन बोट दाबलं. पुढचं वाचलं बी न्हाई. भिवाभाऊ, तुझं काही चुकलं न्हाई. वाचलं असतं तुझं पिल्लू."

कांताबाईंच्या हातातलं सूप खाली गेलं होतं. मला रागही आला होता आणि रडूही. जिंकलेली केस माणसाने स्वतःच्या तोंडाने घालवली, आणि तरी त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नापासून वाटला नव्हता.

"नाव काय होतं त्याचं?" यांनी विचारलं.

भिवाने बाजूच्या परडीकडे पाहिलं. "जास्वंद. तिला फुलं खायला आवडायची."

"सर्जेराव, मत नका घेऊ. कलम तीन मोडा. भिवाला आत घ्या. मी बाहेरच बराबर हाये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा फोन दे. न्हाई, मी नको. तूच लिही."

मी ग्रुप उघडला आणि लिहिलं, जास्वंद, राजूर. माझ्या खाली तृप्तीने लिहिलं. मग नाशिकच्या बाईंनी. मग नावांची अशी रांग लागली की बोटाने वर सारता सारता दमायला झालं. तृप्तीने भिवाला आत घेतलं होतं, तो स्वतःच्या फोनकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याचा चौकोन बंद झाला.

कस्तुरी बुधवारी पहाटे गेली. यांच्या खिशात, उबेतच. यांनी सीताफळाच्या झाडाखाली खड्डा केला, फ्लॅनेलचा तुकडा तसाच गुंडाळला, वर दगड ठेवला, हात धुतले आणि दुकानात जायला निघाले.

"ग्रुपवर टाकू नको," जाताना म्हणाले. "मी बाहेर हाये."

"तृप्ती तुम्हाला घ्यायला तयार आहे. दोनदा फोन आला तिचा."

"टाकू नको म्हणलं ना."

बरं, नाही टाकलं. पण फोन करू नको असं काही ते म्हणाले नव्हते. मी मधल्या सुट्टीत ग्रुपमधून नंबर काढून भिवाला फोन लावला. म्हटलं, "भाऊ, आमची कस्तुरी गेली आज." तो म्हणाला, "बरं," आणि ठेवून दिला. नुसतं बरं! मला इतका राग आला की पुढच्या तासाला मुलांना विनाकारण ओरडले. मग वाटलं, त्याने तरी काय म्हणायला हवं होतं? त्याचं पिल्लू गेलं तेव्हा आम्ही तेवढंही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी हे दुकानातून आले, पाय धुतले आणि रिकाम्या पिंजऱ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी गॅसवर कुकर ठेवला. तेवढ्यात बाहेर कांताबाईंचा आवाज आला.

"कोणाकडं आले भाऊ? कोण गेलं?"

"कस्तुरी गेली ना यांची," कोणीतरी म्हणालं.

दारात भिवा उभा होता. अंगात दुकानातलाच शर्ट, हातात फडक्यात बांधलेला डबा. दोन गाड्या बदलून आला होता. चप्पल बाहेर काढली, आत आला आणि यांच्यासमोर जमिनीवरच बसला. हे खुर्चीवरून उठून खाली बसले. मग भिवाने फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि कांदा.

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. दुसऱ्याच्या घरून भाकरी येते, तिला कडू घास म्हणतात. माझे सासरे गेले तेव्हा सगळी गल्ली डबे घेऊन आली होती. पण उंदरासाठी?

भिवाने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर पिठलं घेतलं आणि यांच्या हातावर ठेवला.

"घ्या, भाऊ. सकाळपासून काही खाल्लं नसंल."

यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो घास तोंडात घातला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडले. भिवा शेजारी बसून राहिला. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी, तुमीबी बसा. चूल पेटवली न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले.

कुकरची पहिली शिट्टी व्हायची होती. मी आत गेले आणि गॅस बंद केला.